मठाच्या अंगणातलं ऊन

"शौकतभाई, या अंगणात दिवसभर ऊनच येत नाही," मी म्हणाले.

"मग चांगलंच की, मॅडम!"

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये इमारतींची छोटी मॉडेल्स बनतात. त्या शुक्रवारी टेबलावर होता युरोपातला एक मध्ययुगीन बेनेडिक्टाइन मठ, प्रदर्शनासाठी. बेनेडिक्टाइन म्हणजे प्रार्थना आणि काम यांत दिवस वाटून घेणारे ख्रिस्ती संन्यासी. चर्चला लागून त्यांचं चौकोनी अंगण, भोवती कमानींची पडवी. त्याला क्लॉइस्टर म्हणतात. मॉडेलवर फिरणारा दिवा हा आमचा सूर्य. तो तिथल्या सूर्यासारखा पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेला गेला, पण क्लॉइस्टर चर्चच्या सावलीतच राहिलं.

मी ड्रॉइंग उघडलं. त्यात क्लॉइस्टर चर्चच्या दक्षिणेला. शौकतभाईंनी बसवलं होतं उत्तरेला.

"मला ड्रॉइंगवाल्याची मिस्टेक वाटली. उन्हात कोण अंगण ठेवतं?"

रायगडचा माणूस, वीस वर्षं अबू धाबीत. गाडीसुद्धा सावली बघून लावणारा. मला हसू आलं आणि स्वतःचा रागही, कारण काम तपासून सही करणारी मीच. त्या थंड मुलखात अख्ख्या मठात शेकोटीची खोली एखादीच. संन्यासी वाचायला बसायचे ते याच पडवीत, उन्हासाठी.

सोमवारी क्लायंट बाई येणार होत्या. मॉडेल नापास झालं तर शौकतभाईंचा व्हिसा रिन्यू होणार नाही, असं बॉसने आधीच सुनावलं होतं.

"रीटा, अंदर एक लाइट लगाओ, खलास," बॉस म्हणाले.

"सर, सूरज दो नहीं होते."

शनिवार-रविवार आम्ही दोघांनी अंगण दक्षिणेला हलवण्यात घातले. भाग स्क्रूने बसवलेले, म्हणून वाचलो. झोपायच्या दालनाची बाजू मात्र नव्याने कापावी लागली. प्रार्थनेला उतरायचा तिथला जिना थेट चर्चमध्ये उघडायला हवा. शौकतभाईंनी त्याची एकेक पायरी चिमट्याने बसवली.

सोमवारी बाईंनी दिवा फिरवला. अंगण उजळलं. कमानींच्या सावल्या फरशीवर सरकू लागल्या. चर्चच्या भिंतीलगतच्या पडवीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ते इथेच बसले असणार. परफेक्ट!"

"मैंने बोला था ना," बॉस म्हणाले. शौकतभाईंनी माझ्याकडे बघून डोळे पुसले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

व्हिसा रिन्यू झाला. आता मी सही करण्याआधी ड्रॉइंगवर उत्तर दिशा शोधते. शौकतभाई त्याच्याही आधी विचारतात, "मॅडम, ही माणसं उन्हातली की थंडीतली?"