चार बोटांची फट

हैदराबादेत थंडी पडते असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. इथले लोक डिसेंबरात कानाला मफलर गुंडाळून चहा पितात आणि म्हणतात, "क्या सर्दी है मियाँ!" अरे, थंडी म्हणजे काय ते आमच्या फौजेच्या बर्फातल्या पोस्टला विचारा.

तिथं बर्फाआधी घर लावणं हीच मोठी ड्युटी. घर म्हणजे फायबरचा हट. फटीत गोणपाट कोंबायचं, दारावर ब्लँकेट टांगायचं, मधोमध बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, पेटवायची. मात्र भिंतीतली चार बोटांची एक फट उघडी ठेवायची, ही सक्त ऑर्डर. बंद हटमध्ये शेगडीचा वायू माणसाला झोपेतच नेतो. त्याला ना वास, ना रंग. म्हणून संतरी येता-जाता हटवर रायफलचा दस्ता ठोकायचा. दोनदा, थांबून एकदा. आतल्यानं ओरडायचं, "जागा!" ही पद्धत लान्स नायक हणमंतनं पाडलेली. परभणीकडचा गडी, माझा जिवलग. कुणी उत्तर द्यायला उशीर केला की आत शिरून शिव्यांची लाखोली वाहायचा.

एकदा भरदुपारी वादळ उठलं. हणमंत आणि सिग्नलमन यादगिरी खालच्या हटमध्ये होते. यादगिरीला ताप. संतरी खाली उतरू शकत नव्हता. सुभेदार साहेबांनी रेडिओ उचलला.

"डेल्टा टू, डेल्टा वन. रिपोर्ट. ओव्हर."

नुसती खरखर.

"डेल्टा टू, रिपोर्ट. ओव्हर."

मग सेटवर टकटक आली. दोनदा, थांबून एकदा.

"जिंदा हैं," साहेब म्हणाले. "चलो."

साहेब, पोस्टवरचे डॉक्टर आणि मी दोर धरून उतरलो. पाठीवरच्या सेटमधून टकटक वाटभर येत होती. दार ढकललं तर आत छान ऊब. दोघं भिंतीला टेकून बसलेले, गाल लाल, लग्नघरी जेवून पेंगल्यासारखे. फटीत हणमंतचा लोकरी मोजा कोंबलेला होता. तापकऱ्याला वारा लागू नये म्हणून. ज्यानं सगळ्यांना शिस्त लावली, त्यानंच मायेपोटी हे करावं! डॉक्टर म्हणाले, दोघांना जाऊन बराच वेळ झालाय. त्यांच्या सेटचा हँडसेट खुंटीला टांगलेला होता. टकटकीबद्दल साहेबांनी रिपोर्टात लिहिलं नाही. मीही कुणाला बोललो नाही.

पेन्शनीवर आलो. आमचं बरकतपुऱ्यातलं कौलारू घर सुटलं आणि दिलसुखनगरात फ्लॅट घेतला. नव्या वाऱ्याचे दिवस होते. टीव्हीवर रोज नवं चॅनल, खिडक्यांना अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा. लावल्या की मुंगीलाही वाट नाही. त्याच हिवाळ्यात लेक सरोज बाळंतपणाला आली. नात झाली. आमच्या कमलनं बाळंतिणीची खोली लावायला घेतली. खिडकीवर गोधडी, दाराखाली जुनं लुगडं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी.

"अगं, खिडकी चार बोटं उघडी ठेव."

"अहो, बाळंतीण आहे ती, तुमची पलटण नाही! सात पिढ्या शेकल्या आमच्या."

"कौलांखाली शेकल्या. इथं डोक्यावर स्लॅब आहे."

कडाक्याचं भांडण झालं. शेवटी फट ठेवायला ती कबूल झाली.

त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. दारावर टकटक झाली. उघडलं तर कुणी नाही. समोरच्या बानूआपा उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या.

"कोई आया था क्या, आपा?"

"नै भाईसाब, मैं कब से यहींच बैठी हूँ. कोई नहीं आया."

दार लावलं. पुन्हा टकटक. दोनदा, थांबून एकदा. आवाज सरोजच्या खोलीकडून येत होता.

"सरोज! जागी आहेस?"

तिकडे धावलो.

दाराला खांदा दिला. आत तीच ऊब. सरोजचे गाल लाल, डोळे अर्धे मिटलेले. कमल भिंतीला टेकून बसलेली. खिडकी गच्च बंद. काच सरकवली, बाळाला उचललं आणि बानूआपांच्या ओटीत टाकलं. मग दोघींना फरफटत गॅलरीत आणलं. वाऱ्यानं कमल हलली, सरोजला ओकारी झाली. बाळ मात्र गप्प. आपा त्याचे तळवे चोळत होत्या.

"रड गं माझे बाई," मी म्हणालो, "एकदा रड."

ती रडली. आणि सरळ सांगतो, मीही ढसाढसा रडलो.

दवाखान्यातून घरी आल्यावर कमल खालमानेनं म्हणाली, "बाळाला वारा बोचत होता हो. म्हणून लावली." तिला रागवायला मी तोंड उघडलं, पण डोळ्यांपुढे तो लोकरी मोजा आला. मग तिला सगळं सांगितलं. टकटकीसकट.

आता थंडी सुरू झाली की कमल आधी खिडकीच्या खाचेत लाकडाचा ठोकळा बसवते, मगच गोधड्या काढते. त्या फटीला ती "हणमंतभाऊजींची फट" म्हणते. टकटक मला पुन्हा कधी ऐकू आली नाही. तरी निजताना मी त्या फटीपाशी उभा राहतो. आधी यादगिरीचं नाव घेतो, मग हणमंतचं, आणि म्हणतो, "जागे आहोत रे. सगळे."