ताईसाठी रचलेला बारावा भाग

कोपरगावजवळच्या आमच्या वस्तीवर बुधवारी संध्याकाळी नेमकी लाईट जायची, आणि नेमकी त्याच वेळी ज्युनियर कॉलेजच्या चार पोरींची ती मालिका लागायची. निम्मे भाग असेच हुकले. पुढं मालिका दिसेनाशीच झाली, तरी मी आपली लाईटलाच शिव्या घालत राहिले.

त्यातच बारावीच्या तोंडावर ताईचं लग्न उरकलं. सासर जामखेडकडं, घरात टीव्ही नाही. दिवाळीला माहेरी आल्या आल्या तिनं विचारलं, "त्या पोरीचं काय झालं गं? तिचं कॉलेज सोडवनार हुते ना?"

आता मला काय माहीत, कपाळ! पण ताईचं तोंड बघवेना. दिलं ठोकून, "लग्न झालं तिचं. पण सतरा नंबरचा फॉर्म भरला, घरी अभ्यास केला आणि बारावी पास झाली." शेजारच्या काकूंनी नुकताच तो फॉर्म भरला होता, तेच तोंडात आलं.

पुढच्या वर्षी ताईनं तोच फॉर्म भरला. पास झाली. आज अंगणवाडी चालवते. आपल्या थापेवर बहिणीनं एवढी उडी घेतली, हे मला इतकी वर्षं खात होतं.

यंदा मोबाईलवर ती मालिका सापडली. कुणा भल्या माणसानं सगळी टाकलीय. सगळी म्हणजे अकरा भाग! एका बैठकीत पाहिली. काय सांगू, आजही तोड नाही तिला. तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, दुसरीची जर्नल उतरवून काढायची घाई, चपलेच्या अंगठ्याला लावलेली पिन. उगाच गळा काढून रडणं नाही की ढॅणढॅण संगीत नाही. आमच्याच वर्गात कॅमेरा ठेवला होता जणू. पण अकराव्या भागात आई पोरीची पुस्तकं पेटीत घालून कुलूप लावते, आणि संपलं. मालिकाच बंद पडली होती.

मे महिन्यात ताई आली. तिला सगळी दाखवली.

"पुढचा लाव की," ती म्हणाली.

"पुढचा नाहीच गं ताई. तो मी रचला होता. चुकले."

ताई खो-खो हसत सुटली. "बये, मला तवाच कळलं हुतं. टीव्हीतल्या पोरी सतरा नंबरचा फारम भरत्यात व्हय?"

"मग?"

"सासूबाईंना कुठं कळलं! टीव्हीत दावलंय म्हनल्यावर भर म्हनल्या." तिनं पदरानं डोळे पुसले. "अजून इचारत्यात, त्या पोरीचं पुढं काय झालं. मी सांगते, अंगनवाडी चालवती."