रुपरावची इंग्रजी रेकॉर्ड

माह्या मोठ्या भावाचं, रुपरावचं, बोलणं अडखळे. नरखेडकडच्या लग्नांत झाडाले भोंगा बांधून रेकॉर्डी लावायचा धंदा त्याचा, अन् माईकवर साधं 'हॅलो' म्हणायचं तर तेही दुसऱ्याले म्हणायले लावे. लोक हसत. मले असा राग ये, काय सांगू.

बासष्ट साली नागपूरच्या इतवारी बाजारातून त्यानं एक जुनी रेकॉर्ड आणली. कव्हरवर केसांचा कोंबडा काढलेला कोवळा अमेरिकन पोरगा. तिकडच्या पोरी म्हणे त्याच्यापायी येड्या झाल्या होत्या. इकडे मी एकटीच येडी झाली. दुपारी शेजारच्या गावात लग्न असलं की ते गाणं संत्र्याच्या बागेवरून तरंगत ये, गिटार हळूहळू झुले, अन् विहिरीवर भरली घागर घेऊन मी तशीच उभी राहो. कळे काहीच नाही. पण वाटे, कोणीतरी लांबून मलेच बोलावून राहिलं.

माह्यं लग्न ठरलं तेव्हा मी दादाले म्हटलं, "माह्या पाठवणीले हेच लावजो गा. बाकी मले काही नको."

त्यानं नुसती मान हलवली.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या मायनं, बायजाबाईनं, घरातली सारी भांडी राखेनं घासली. त्या ढिगात ती रेकॉर्डही गेली. काळी, धुळकट ताटली ती. कार्याच्या घरात मळकं कसं ठेवावं? काथ्यानं चांगली खसखसून घासली माऊलीनं. दादानं सुई ठेवली तर नुसती खरखर.

"मले काय ठाव वं बाई," म्हणून माय रडून राहिली होती. मी तिच्यावर लय चिडली.

दुसऱ्या दिवशी मी पारशिवनीच्या वऱ्हाडाच्या ट्रकात बसली. कोणाकडे पाहावं वाटत नव्हतं. एवढ्यात भोंग्यातून गाणं आलं. गिटार नव्हती, नुसता गळा होता. रुपरावचा.

शब्द एकही इंग्रजी नसावा. पण चाल तीच, हेल तेच, अन् दादा कुठंच अडखळला नाही. हसणारे गप्प झाले. ड्रायव्हरनं चालू केलेलं इंजिन बंद केलं. माह्ये सासरे म्हणाले, "होऊ द्या त्याचं पुरं."

गाणं संपलं की ट्रक निघणार, हे दादाले माहीत होतं. म्हणून त्यानं ते तीनदा म्हटलं.