बोलत पळायचं

आमच्या ह्यांची ॲन्जिओप्लास्टी होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि ह्यांनी हाफ मॅरेथॉनचं खूळ डोक्यात घेतलं. एकवीस किलोमीटर! मी आधीपासून पळते, त्यामुळे हे काय प्रकरण आहे ते मला चांगलं ठाऊक. मी सरळ नाही म्हटलं.  तर हे म्हणाले, घरात येणारा प्रत्येक जण आता तब्येतच विचारतो, दुसरं काही विचारतच नाही. एकदा ती शेवटची रेघ ओलांडली की पेशंटपण संपलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मग मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून परवानगी दिली, पण एका अटीवर. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की चालायचं. गप्प झालात की थांबायचं.

आता आली का पंचाईत! हा माणूस मुळातच अबोल. भाजीत मीठ नसलं तरी सांगणार नाही. पहिल्या दिवशी आमच्या मनीषनगरातून निघालो तेव्हा हे दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत पळाले. पाट्या संपल्यावर ऑफिस, ऑफिस संपल्यावर मौद्याकडचं लहानपण, धानाच्या बांधीतल्या चिखलात हरवलेली चप्पल, त्यावरून खाल्लेला मार. इतक्या वर्षांचा संसार, आणि यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण ऐकत तरी कुठे होते? माझे कान त्यांच्या श्वासाला लागलेले. एखादा शब्द अडखळला की मी वळून त्यांच्याकडे बघायची. मी मध्ये मध्ये हं म्हणायची, तेवढंच.

शर्यतीच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. हे मात्र घोरत होते.

शर्यत फेब्रुवारीतली. उजाडलं तेव्हा गारवा होता, पण आपल्या नागपूरचं ऊन ते, थोड्याच वेळात डोक्यावर आलं. पाण्याचं टेबल दिसलं की मी पुढे धावायची, ह्यांच्यासाठी ग्लास घ्यायची, संत्र्याची फोड, चिमूटभर मीठ, सगळं त्यांच्या हातात द्यायची आणि चेहरा बघायची. ओठ निळे तर नाहीत ना? घाम जास्त तर नाही ना? हे रामटेकच्या कुठल्याशा जत्रेची गोष्ट सांगत होते. वाक्य सलग येत होतं, म्हणजे ठीक होतं.

सोळाव्या किलोमीटरच्या पुढे हे एकदम थांबले.

 छातीत दुखतंय का, असं मला विचारायचं होतं. ह्यांनी माझं कोपर धरलं आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"मघापासून मी एकटाच बोलून राहिलो. तू हं पण नाही म्हटलं. काहून वं?"

मी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटलेली, शब्द येईना. एवढ्या उन्हात माझे हात गार पडले होते, आणि समोरचा रस्ता एका बाजूला कलायला लागला. ह्यांनी मला धरूनच दुभाजकावर बसवलं आणि ॲम्ब्युलन्सला हात केला.

शर्यतीच्या वैद्यकीय तंबूत नेऊन मला सलाइन लावलं. नर्स म्हणाली, पाणी आणि मीठ कमी झालंय, बीपी उतरलाय, पण तासाभरात बऱ्या व्हाल. मीठ! साऱ्या रस्ताभर मीच वाटत आले होते, आणि स्वतः चिमूटभर खाल्लं नव्हतं. जरा आवाज फुटला तशी मी ह्यांच्यावरच डाफरले. इथे काय बसलात? थोडंच तर राहिलंय, वेळ आहे अजून, पळा ना! नर्सही म्हणाली, जा काका, मी आहे यांच्याजवळ.

तंबूचं दार उघडंच होतं. बाहेरून आमच्या मागची माणसं पुढे जात होती. हे एकदा तिकडे बघून आले. मला वाटलं, निघाले. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि बुटांच्या नाड्या सोडल्या.

"अहो, तुमची शर्यत जाईल," मी म्हटलं. मला खरंच रडू येत होतं. "एवढं वर्ष कशासाठी काढलंत?"

"मागच्या साली मी आत होतो, तू दाराबाहेर बसली होती," हे म्हणाले. "मले तवा काही समजत नव्हतं. तुले सगळं समजत होतं. आज मले बसू दे."

मी पुन्हा जा म्हटलं नाही.