मारिकारची पहिली सभा

मारिकारचा मेकअप मी अकरा वर्षं करतेय. टीव्ही मालिकांमुळे तिला सगळा देश ओळखतो. तिचे आजोबा आणि वडील आमच्या गावचे नगराध्यक्ष होते, पण तिला राजकारण नकोच होतं. सतराव्या वर्षी गाण्याची स्पर्धा जिंकून ती राजधानीला, मनिलाला निघून गेली.

गेल्या वर्षी तिच्या वडिलांना चर्चच्या पायऱ्यांवर भरदिवसा गोळ्या घातल्या. मारेकरी सापडले नाहीत. चाळीस दिवसांचा दुखवटा संपला आणि तिच्या आईने नगराध्यक्षपदाच्या उमेदवारीचा अर्ज मारिकारपुढे ठेवला.

पहिल्या सभेआधी गाडीत मी तिला पावडर लावत होते, पण घामाने ती टिकेना. ब्लाउजच्या आत बुलेटप्रूफ जाकीट होतं.

“लोर्नाताई, मी उतरलेच नाही तर?”

“तर मीही नाही उतरत. आता हलू नकोस, भुवई वाकडी होईल.”

ती हसली नाही, पण उतरली.

मंचावर दोन वाक्यं बोलली असेल, तोच मागे धाडकन आवाज झाला. ती आडवी पडली. मंचामागे उभी असलेली मीही पडले.

“मोटारसायकलचा आवाज आहे गं बाई, ऊठ!” कुणीतरी ओरडलं.

ती उठली. तिने माइक पुन्हा हातात घेतला. “मला भीती वाटते,” ती म्हणाली. “तुमच्यात अजून कुणाला वाटते?”

मग मासळी विकणाऱ्या एका म्हातारीने हात वर केला, आणि हळूहळू मैदानभर हात वर झाले.

मारिकार निवडून आली. कार्यालयात ती अजून खिडकीजवळ बसत नाही.