जुन्या रेल्वेच्या वाटेवर जावईबापू

मला गिअरची सायकल चालवता येते, असा माझा समज होता.

समज पक्का होता म्हणूनच हेल्मेट, हातमोजे आणि दोन सायकली घेऊन मी सासुरवाडीला, काष्टीजवळच्या गावी गेलो. तिथल्या माळावरून पूर्वी उसाची छोटी रेल्वे जायची. रूळ कधीच उपटले गेले; उरलाय तो खडीचा उंच भराव, दोन्ही अंगांना वेडी बाभळ आणि डोक्यावर ऊन.

"अगदी वाळवंट!" मी खूश होऊन म्हणालो.

"आमच्या रानाला वाळवंट म्हणता व्हय?" अलका, म्हणजे माझी बायको, म्हणाली. (माहेरची हद्द लागली की तिची पुणेरी मराठी आपोआप गाडीतून उतरते.)

शाळा सुटल्यापासून तिनं सायकलला हात लावला नव्हता. म्हणून मी तिला गिअर समजावत बसलो. ती "हं, हं" करत ओढणी कमरेला खोचत होती. मग टांग टाकली आणि गेली! त्या खडीवरून, जशी काही डांबरी सडकच! मी मागं धुरळा खात ओरडतोय, "गिअर बदल, गिअर!"

"कवाच बदलला! तुमी पायडल मारा!"

हे फार झालं. मी सगळा जोर लावून तिला मागं टाकलं. तेवढ्यात मागून हाक आली, "अहो, थांबा! फुडं पूल न्हाई!"

"काय नाही?"

"पूल!"

पुढं ओढा होता. दोन्ही काठांना दगडी खांब, आणि मध्ये निव्वळ हवा! मी हँडल फिरवलं आणि ब्रेक दाबला. पुढचा. सायकल जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही. भरावावरून घरंगळत गेलो आणि बाभळीनं मला पोटाशी धरलं. मागून सायकलही आली, दगडावर आपटली.

वरून अलकाचा चेहरा डोकावला. पांढराफटक.

"अहो, बोला कायतरी!"

"काटे आहेत."

"मग बाभळीला काय आंबे असत्यात?" ती म्हणाली. बसूनच घसरत ती खाली आली, हाताला ओढणी गुंडाळली आणि एकेक फांदी मोडत मला सोडवलं. रक्त तिच्या हातांतून येत होतं आणि विचारत होती मला, "लई लागलं का?" लग्नाच्या दिवशी भाळलो नव्हतो एवढा त्या क्षणी मी तिच्यावर भाळलो. तसं सांगणार, एवढ्यात तिनं माझ्या मांडीतला काटा उपटला. सांगायचं राहून गेलं.

माझ्या सायकलच्या चाकाची जिलबी झाली होती, घोट्याचा भोपळा.

"बसा," ती म्हणाली.

"कुठं? हिला कॅरिअर नाही!"

"दांडीवर."

आणि त्या माऊलीनं माझं सगळं वजन दांडीवर घेऊन ती खडी पुन्हा तुडवली! दम लागला, घाम निथळला, पण पाय टेकला नाही. गावात शिरताच पारावरून माझा मेहुणा किंचाळला, "आरं बघा, ताईनं दाजीला दांडीवर आणलंय!" अख्खा पार उठून उभा राहिला.

घरी सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात आल्या. मी लंगडत पुढं झालो आणि नम्रपणे मान खाली घातली.

"जरा बाजूला व्हा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "अलकीची दृष्ट काढते. तुमाला कोन नजर लावतंय?"