तुलनेसाठी हवी असलेली बहीण

अठरा नोव्हेंबर, सोमवार. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि घर पाहुण्यांनी भरतं. ते सगळे परतले होते आणि मी माझं भांड्यांचं दुकान बंद ठेवून पवनीच्या घरी अंगणात त्यांच्या गोधड्या धूत होते. तेवढ्यात नागपूरहून डॉक्टरबाईंचा फोन आला. माझ्या थोरल्या बहिणीवर त्याच उपचार करतात.

बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजात असताना तिला आवाज ऐकू येऊ लागले आणि तेव्हापासून आसगावचं आमचं माहेरचं घर तिच्याभोवतीच फिरतं. तळ्यातली मासोळी शिजली की डोकं तिच्या ताटात. मी मागितलं की आईचं ठरलेलं उत्तर, "तिले बरं नाई, तू समजून घे." पन्नाशी आली, अजून समजूनच घेते आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एका अभ्यासासाठी बहीण-भावंडांच्या जोड्या हव्या आहेत, एकाला आजार असलेल्या, दुसऱ्याला नसलेल्या. रक्तातून जनुकं तपासायची, एमआरआयवर मेंदूची चित्रं घ्यायची आणि दोन्ही एकमेकांशी ताडून बघायची. हा एका जनुकाचा खेळ नाही, पुष्कळ जनुकं थोडा थोडा हातभार लावतात, त्यामुळे पुष्कळ माणसं तपासावी लागतात.

"मला यातून काय मिळेल?" मी विचारलं.

"काहीच नाही. तुमच्या बहिणीची औषधंही यामुळे बदलणार नाहीत. पण तिच्याइतक्याच तुम्हीही हव्या आहात."

असं वाक्य आमच्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मी हो म्हटलं. बहिणीसाठी नाही, या वाक्यासाठी.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी नागपूरला गेलो. आई आलीच. डॉक्टरबाईंनी बहिणीला वेगळं बसवून सगळं समजावलं आणि तिची मर्जी विचारली. ती म्हणाली, "हो, पण फोटो चांगला काढजा." मग माझ्याकडे वळून डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही तुलनेसाठी." म्हणजे इथेही मोजायचं तिला आणि मी बाजूला ठेवलेलं वजन. उठून यावंसं वाटलं, पण रक्त देऊन झालं होतं.

एमआरआयला बहिणीचा नंबर आधी होता. अंगावर धातू चालणार नाही, असं तिथल्या मुलीने सांगितलं आणि घोळ झाला. बहिणीच्या कमरेला काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत होता.

"तो नाई काढाचा," आई म्हणाली.

"आजी, काढल्याशिवाय आत सोडता येत नाही."

"मंग दुसऱ्या कोनाच्या अंगावर पायजे. खाली ठेवला का त्याचा गुन जाते."

बराच वेळ वाद चालला. शेवटी आईने तो सोडला आणि माझ्याजवळ येऊन माझ्या कमरेला बांधला. आईची बोटं माझ्या पाठीशी कधी लागली होती, मला आठवेना.

"घट्ट होते का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. होत होता.

बहीण आत असेपर्यंत मी ताठ बसून राहिले. माझ्यासाठी असा ताईत आईने कधी केलाच नव्हता. बहीण बाहेर आली तशी आईने घाईघाईने माझी गाठ सोडली.

मग माझी पाळी. मंगळसूत्र निघालं, पण जोडवी निघेनात. लग्नानंतर ती कधी काढलीच नव्हती. ताईतासाठी इतकी भांडणारी आई म्हणाली, "काढ, काढ, उशीर होऊन राहिला."

बहीण खाली बसली. तिथल्या मुलीकडून साबण घेऊन माझं बोट चोळायला लागली.

"भेव लागून राहिलं का तुले?"

"कायचं भेव?"

"आत नुसता ठकठक आवाज येते. मले तं त्याची सवय आहे." ती हसली. "अन् तुया डोक्यात काई दिसलंच नाई तं?"

"बाई, गप."

"दिसन, दिसन. भांड्याचं दुकान दिसन."

तिथली मुलगी हसली. मीही हसले, आणि तेही मला आवडलं नाही. जोडवी निघाली. ती बहिणीने मुठीत धरली. मी आत जाऊन स्थिर पडून राहिले. आईच्या हाताची ती गाठ, ती बोटं, हेच डोक्यात होतं. त्या चित्रांत ते कुठे उमटलं असेल तर त्यांनी बघावं.

त्या रात्री दोघी पवनीला माझ्याकडेच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून मासोळी आणली, रस्सा केला आणि तिघींची ताटं वाढली. डोकं माझ्या ताटात घेतलं.

आईचा हात थांबला. "तिले..." ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हटलं. बहीण माझ्या ताटाकडे बघत होती. मी तिला तुकडा दिला नाही. सगळं चोखून खाल्लं, हात धुतले आणि दुकान उघडायला गेले.